गिम्प ३.० आणि दीपमाळेचं टोक : काही महिन्यांच्या वापरानंतर

फोनमधल्या ज्या अ‍ॅपवर मी मिनिएचर फोटो (खरं दृश्य खेळण्यातल्या देखाव्यासारखं दिसेल असे) करायचो, त्याने वर्गणी संपताच आधी केलेल्या फोटोंच्याही मोठ्या प्रती अडवून ठेवल्या. ग्राहकसेवेला कितीही लिहा, उत्तर एकच : प्लॅन अपग्रेड करा. मी काढलेले फोटो सोडवून घ्यायला मीच पैसे भरायचे? नाही जमणार. जुन्या लॅपटॉपवर गिम्प ३.० हे फोटो संपादनाचं सॉफ्टवेअर टाकलं. फुकट आहे, हे पहिलं आणि तेव्हा एकमेव कारण.

मूळ कृती सगळ्यांना माहीत आहे : उंचावरून काढलेला फोटो घ्या, मधला पट्टा स्पष्ट ठेवा, वरचं-खालचं धूसर करा, रंग थोडे भडक करा. गिम्पमध्ये फिल्टर्स, ब्लर, फोकस ब्लर असं गेलं की फोटोवरच पट्ट्याच्या रेषा दिसतात, त्या माउसने ओढायच्या. सुरुवातीला गोल येतो, आकारात जाऊन आडवा पट्टा निवडावा लागतो. ब्लरचा प्रकार गॉशियन न ठेवता लेन्स ब्लर ठेवा. गॉशियनने सगळं नुसतं पुसट होतं. लेन्स ब्लरमध्ये चकाकणाऱ्या ठिपक्यांच्या गोल चकत्या होतात आणि फोटो कॅमेऱ्यातून आल्यासारखा वाटतो. इथवर पैकीच्या पैकी गुण.

माझा कसोटीचा फोटो जेजुरीचा. गडाच्या तटावरून खाली पाहिलं की पायऱ्या, कमानी, माणसं आणि पलीकडे गावाची छपरं. (भंडाऱ्याच्या दिवसाचा फोटो असेल तर सॅच्युरेशनला हात लावू नका. पिवळा आधीच काठोकाठ भरलेला असतो, थोडं वाढवलं तरी पायऱ्यांचा दगड दिसेनासा होतो.) पहिल्या प्रयत्नात माणसं अशी झाली की दिवाळीच्या किल्ल्यावर मांडलेले मातीचे मावळेच. मी खूश.

मग नजर दीपमाळेवर गेली.

दीपमाळेचा पाया पट्ट्यात, म्हणून स्वच्छ. मधला भाग जरा मऊ. टोक पार विरघळलेलं. अख्खी दीपमाळ एका जागी उभी आहे, पाया आणि टोक माझ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर. पण सॉफ्टवेअरला अंतर कळत नाही. फोटोत जे जितकं वर, ते तितकं लांब, एवढाच त्याचा हिशेब. खरोखर वीतभर उंचीची दीपमाळ जवळून टिपली असती तर ती टोकापर्यंत स्पष्ट आली असती आणि मागचं गाव धूसर. लहान वस्तू जवळून टिपताना स्पष्टतेची खोली (पुढे-मागे जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं अंतर) फार थोडी मिळते, आणि डोळा फसतो तो त्यामुळेच. बर्कलीच्या संशोधकांनी २०१० साली यावर निबंध लिहिला होता : धूसरपणा अंतराच्या उताराशी जुळला तर दृश्य लहान भासतं. जेजुरीच्या पायऱ्यांवर तो जुळतो, दीपमाळेवर नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं कोण बघतं? मी बघतो. घरातल्या कुणालाही दिसलं नाही, आणि मला मात्र त्या टोकाशिवाय दुसरं काही दिसेना.

इथे गिम्पला दोन तारे देऊन मोकळा होणार होतो. पण खऱ्या टिल्ट लेन्सचं, म्हणजे कॅमेऱ्यावर कलवता येणाऱ्या लेन्सचं, गणित पाहिलं आणि राग निम्मा झाला. ऑस्ट्रियन कप्तान थिओडोर शाइम्पफ्लुग यांनी १९०४ च्या पेटंटमध्ये मांडलेलं तत्त्वच तिथे चालतं : लेन्स कलली की स्पष्टतेचं प्रतलही कलतं. मिनिएचरसाठी ते असं कलवतात की पट्ट्यात उभ्या असलेल्या उंच वस्तूचं टोक त्या प्रतलाबाहेर जातं. थोडक्यात, लाखाच्या पुढची लेन्स घेऊनही दीपमाळेचं टोक पुसटच. फुकटात तेवढंच मिळत असेल तर तक्रार कसली?

आणि पुढे तर गिम्प लेन्सच्याही वरचढ निघालं. मूळ लेयरची (फोटोच्या थराची) प्रत घ्यायची, फोकस ब्लर वरच्या प्रतीला द्यायचा, तिला पांढरा मास्क (काळं रंगवू तिथे लेयर लपवणारा पडदा) लावायचा आणि दीपमाळेवर काळ्या ब्रशने फिरवायचं. खालची स्पष्ट दीपमाळ वर दिसू लागते. फक्त तिच्याभोवती राखाडी धुकं उरतं, कारण वरच्या प्रतीत तिचा रंग आजूबाजूला पसरलेला असतो. त्यावर इलाज : वरच्या प्रतीतून दीपमाळच काढून टाका. क्लोन टूलने तिच्या जागी शेजारची छपरं भरा, ओबडधोबड चालतील, नाहीतरी ती धूसरच होणार. पूर्वी २.१० मध्ये ब्लर एकदा दिला की लेयरमध्ये मुरायचा, म्हणजे हे सगळं आधीच करून ठेवा किंवा पुन्हा पहिल्यापासून करा. २०२५ च्या ३.० मध्ये फिल्टर लेयरवर एफएक्स म्हणून वेगळा राहतो. ब्लर लागलेला असतानाच त्याच प्रतीत क्लोन करा, परिणाम लगेच दिसतो. महिन्याभराने पट्टा सरकवावासा वाटला तरी सरकवता येतो. यासाठी मी पैसेही दिले असते. (मागू नका.)

त्रास दीपमाळेच्या हातांचा. दिवे ठेवायला दगडी हात चहूबाजूंनी बाहेर आलेले असतात आणि मास्क रंगवताना प्रत्येकाला वळसा घालावा लागतो. साध्या मनोऱ्याला पाच मिनिटं लागतात, हिला अख्खी दुपार. माझा लॅपटॉप म्हातारा, त्यामुळे ब्रशच्या प्रत्येक फटक्यानंतर ब्लरचं गणित पुन्हा होईपर्यंत थांबायचं. एफएक्समधलं डोळ्याचं चिन्ह दाबून ब्लर तात्पुरता बंद ठेवून काम केलं की वेग येतो.

सध्या चार तारे. पाचवा अंतर ओळखणारा पट्टा आला की.

नव्याने करणाऱ्यांनी एवढं सांभाळा : ब्लरचं माप पिक्सेलमध्ये असतं. चार हजार पिक्सेलच्या फोटोवर बेताचा ब्लर दिलात आणि मग व्हॉट्सअ‍ॅपसाठी फोटो लहान केलात, तर तो ब्लर जवळजवळ दिसेनासाच होतो. आधी आकार लहान करा, मग पट्टा आखा.