फील्ड की ऑफिस? बेळगावकडच्या बालहक्क संस्थेत नोकरी धरण्याआधी

एमएसडब्ल्यू किंवा बी.कॉम. झालेली आपल्याकडची मुलं बालहक्कांवर काम करणाऱ्या संस्थेत अर्ज करतात, तेव्हा समोर सहसा दोन जागा असतात. एक फील्डची, म्हणजे वस्त्या, शाळा, पोलीस ठाणं आणि बालकल्याण समिती (संकटातल्या मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती). दुसरी ऑफिसची, जिला हल्ली ऑपरेशन्स म्हणतात. हिशेब, गाड्या, फाइली, पगार, ऑडिट, परवाने असं सगळं तिच्यात येतं. फील्ड म्हणजे खरं काम आणि ऑपरेशन्स म्हणजे सावलीतली खुर्ची, असा बहुतेकांचा समज. मी दोन्हीकडे बसलोय. सावली कुठे आहे ते मला अजून सापडायचंय.

रात्रीची केस

समजा, अथणीकडच्या ऊसतोड टोळीत एक मुलगी एकटीच सापडली. फील्डची ताई पोहोचते, तिच्याशी बोलते, पोलिसांना कळवते. बालन्याय कायदा २०१५ प्रमाणे अशा मुलीला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. इथून पुढे धावपळ ऑफिसची. रात्री अकराला गाडी कोण देणार? ड्रायव्हरची पोलीस पडताळणी झालीय का? सोबत बाईमाणूस आहे ना? जेवण, साबण, टॉवेल, कपड्यांचा एक जोड, याला रोख कुठून काढायची?

सकाळी ताई परत येते ती ढाब्याची कच्ची पावती घेऊन. पक्कं बिल मागितलं तर ढाबेवाला नुसता हसतो. तोच चिटोरा व्हाऊचरला डकवून ऑडिटरला पटेल असं लिहायचं, आणि त्यात मुलीचं नाव मात्र येऊ द्यायचं नाही. कायद्याचं ७४ वं कलम अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं, आणि व्हाऊचर तर ऑडिटरपासून देणगीदारापर्यंत फिरणारा कागद. म्हणून ‘केस नंबर अमुक, दोन जेवणं, एक ड्रेस’ एवढंच. देणगीदार मुलीचा फोटो मागतात तेव्हा नाही म्हणायचं कामही याच टेबलावर येतं.

मनावरचा भार

‘मला रडणं-बिडणं बघवत नाही, म्हणून ऑफिस बरं,’ असं म्हणणारे बरेच भेटतात. फील्डवाल्याकडे त्याच्या भागातल्या केसेस असतात. ऑफिसात सगळ्यांच्या येतात, पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, फाइलींसकट. त्या वाचाव्या लागतात, नीट लावाव्या लागतात, कुलपात ठेवाव्या लागतात. फील्डवाल्याला निदान तीच मुलगी सहा महिन्यांनी दप्तर घेऊन जाताना दिसते. ऑफिसवाल्याला ‘केस बंद’ असा शेरा दिसतो. हा फरक छोटा वाटतो, पण लोक नोकरी सोडतात ती बऱ्याचदा याच कोरडेपणापायी.

भाषा

सीमाभागात निर्णय खरा इथं होतो. फील्डला खानापूर, निपाणी, शहापूर-वडगाव मराठीवर निभतं. गोकाक-सौंदत्तीकडे कन्नड लागतं, पण बोलण्यापुरतं. लोक सांभाळून घेतात. ऑपरेशन्सला ‘बर्तीनि-होगतीनि’ (येतो-जातो) एवढ्या कन्नडवर भागत नाही. समितीचे आदेश, जिल्हा बालसंरक्षण कक्षाची पत्रं, सगळा सरकारी व्यवहार कन्नडात. देणगीदाराचा अहवाल इंग्रजीत. आणि मुलीचे आई-वडील महाराष्ट्रातल्या चंदगडचे निघाले की तीच केस कोल्हापूरच्या समितीकडे मराठीत पाठवायची.

कागद सीमेच्या कुठल्या बाजूचा यावर कायदाही बदलतो. कर्नाटकाने बालविवाह कायद्यात दुरुस्ती केलीय, त्यामुळे इथं लागलेला बालविवाह मुळातच रद्दबातल. महाराष्ट्रात २००६ चा केंद्राचा कायदा चालतो. तिथं असा विवाह सहसा कोर्टात अर्ज करून रद्द करून घ्यावा लागतो. लग्न खानापूर तालुक्यात लागलं की चंदगड तालुक्यात, ही एक ओळ फाइलीत चुकली की फील्डची सगळी मेहनत पाण्यात. कन्नड वाचता-लिहिता येणारा मराठी माणूस (नुडी या कन्नड सॉफ्टवेअरवर टायपिंग येत असेल तर बघायलाच नको) ऑपरेशन्समध्ये सोन्यासारखा. येत नसेल तर आधी फील्ड धरा, कान तयार होतो.

पैसा आणि टिकाऊपणा

परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा पूर्वी ५० टक्के होती, २०२० च्या दुरुस्तीने ती २० टक्क्यांवर आली. थेट मुलांच्या कामातला खर्च कार्यक्रमात दाखवता येतो, हिशेबनिसाचा पगार प्रशासनात धरला जातो. म्हणून ऑफिसात माणसं कमी, कामं जास्त, आणि पगारवाढ मागताना समोरचा हीच टक्केवारी पुढे करतो. उलट बाजू अशी की फील्डची जागा प्रकल्पाला बांधलेली. पूर्वी १०९८ चाइल्डलाइनचं, म्हणजे मुलांच्या मदतीच्या फोनचं, काम संस्था बघत. २०२३ मध्ये ते सरकारकडे गेलं. प्रकल्प संपला की जागा संपते, पण ऑडिट कधी संपत नाही. पाच वर्षं एका ठिकाणी टिकायचं असेल तर मी ऑपरेशन्सच सांगेन.

प्रवासाचं म्हणाल तर जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसचं तिकीट शून्य रुपयांचं. फील्डच्या तायांची चंगळ. आमच्या टेबलावर मात्र शून्याच्या तिकिटांचा गठ्ठा येतो, कारण भेट झाल्याचा पुरावा तोच.

वर्षाचं चक्र

फील्डचा ताण दिवाळीच्या सुमाराला टोळ्या आल्या की सुरू होतो. मग माघ पौर्णिमेची सौंदत्तीची जत्रा, आणि अक्षय्य तृतीया, जी बसव जयंतीही असते. लग्नांचा धडाका असतो आणि एकाच दिवशी चार गावांतून बालविवाहाचे फोन. ऑपरेशन्सचा ताण तारखांचा: ३१ मार्चची हिशेबबंदी, ३१ मेपर्यंत देणग्यांचं विवरण, ३१ डिसेंबरपर्यंत परदेशी निधीचं वार्षिक विवरण. डिसेंबरातच सुवर्ण विधानसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की बेळगावात ना हॉल मिळतो ना गाडी. त्या महिन्यात प्रशिक्षण ठेवणाऱ्या वरिष्ठांना नमस्कार.

मग कुठली?

चारचौघांत उठून बोलता येतं, उन्हातान्हाची फिकीर नाही, आणि माणसं बघितल्याशिवाय काम केल्यासारखं वाटत नाही, तर फील्ड. कुणी पाठ थोपटली नाही तरी चालतं, आणि टॅलीत दहा रुपयांचा फरक राहिला तर झोप येत नाही, तर ऑपरेशन्स. नवख्याने वर्षभर फील्ड करून मग ऑफिसात यावं असं माझं मत. ढाब्याची पावती कच्ची का येते, हे खुर्चीत बसून कळत नाही.

मुलाखतीला गेलात की पगाराच्या आधी एक विचारा: रात्री अकराला पाच हजार रुपये कोणाच्या सहीने निघतात? ‘सकाळी सर आल्यावर बघू’ असं उत्तर आलं तर तिथली कुठलीच जागा धरू नका.