महाबँक की सारस्वत : पैसे कुठे ठेवावेत?

मुदत ठेवीसाठी बँक ऑफ महाराष्ट्र (महाबँक) घ्यावी की सारस्वत बँक, असे विचारणाऱ्याने आधी मालक पाहावा. व्याजदर बदलत राहतात.

महाबँक १९३५ साली पुण्यात नोंदली गेली. १९ जुलै १९६९ रोजी इतर १३ बँकांसोबत तिचेही राष्ट्रीयीकरण झाले. बहुसंख्य भागभांडवल सरकारचे, उरलेले शेअर बाजारात. सरकार सोडून कुणाही भागधारकाचा मताधिकार १० टक्क्यांपुढे जात नाही, त्यामुळे लहान भागधारकाच्या हाती फारसे काही नसते. सारस्वत १९१८ सालची, मुंबईची सहकारी बँक. तिचे मालक सभासद. भाग (शेअर) कितीही असोत, मत एकच. पण हे भाग बाजारात विकता येत नाहीत, परत केले तर दर्शनी (भागावर छापलेली) किंमतच मिळते. कर्ज घेणाऱ्याला सहसा सभासद व्हावे लागते, ठेवीदाराला नाही.

सुरक्षिततेत गल्लत होते ती ठेव आणि भाग यांत. ठेव विमा (बँक बुडाली तर मिळणारी भरपाई) दोन्हीकडे सारखाच : एका बँकेत एका व्यक्तीला, सर्व शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून ५ लाख रुपयांपर्यंत. भागभांडवलाला हे संरक्षण नाही. विम्यापलीकडच्या रकमेला सरकारी मालकीचा आधार मोठा वाटतो आणि तो वाटणे रास्त आहे, जरी ती कायदेशीर हमी नसली तरी.

निवृत्तीची मोठी रक्कम एकाच ठिकाणी ठेवायची असेल तर महाबँक. ठेव ५ लाखांच्या आत आणि वार्षिक सभेत प्रश्न विचारण्याचा हक्क हवा, तर सारस्वतचे सभासदत्व घ्या.