गूगल ट्रेंड्स: वाचकाचे शब्द आणि वाचकाची वेळ

लिहायला बसण्याआधी वाचकाला काय हवं आहे याचा अंदाज देणाऱ्या फुकट साधनांमध्ये गूगल ट्रेंड्स फार कामाचं आहे. लोक गूगलवर काय शोधतात, याचा २००४पासूनचा कल त्यात पाहता येतो. मात्र त्यातले आकडे नेमके कसले, हे न पाहता आलेख वाचला की विषयाची निवडच चुकते.

आलेखावरचे ० ते १०० हे आकडे म्हणजे शोधांची संख्या नव्हे. निवडलेल्या प्रदेशात आणि काळात झालेल्या एकूण शोधांमध्ये त्या शब्दाचा वाटा ज्या वेळी सर्वाधिक होता, ती वेळ १०० धरतात; बाकीचे आकडे तिच्या प्रमाणात. म्हणून एखाद्या विषयाचे शोध वाढत असूनही रेषा खाली येऊ शकते, कारण एकूण शोध त्याहून वेगाने वाढलेले असतात. दोन शब्दांचे आलेख वेगवेगळे काढून शेजारी ठेवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. दोघांचे १०० वेगळे असतात. तुलना करायची तर दोन्ही शब्द एकाच शोधात टाका. ० दिसला तर कुणालाच विषय नको आहे असं समजू नका. पुरेशी माहिती नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शब्दनिवडीसाठी मात्र या साधनाला तोड नाही. ‘पाठदुखी’ आणि ‘कंबरदुखी’ एकत्र तपासा आणि वाचक ज्या शब्दाने शोधतो तोच शीर्षकात घ्या. इथे एक अडचण आहे: ट्रेंड्स शुद्धलेखनाचे पर्याय किंवा समानार्थी शब्द आपणहून जोडत नाही. मराठी शब्द अनेक जण रोमन लिपीत टाइप करतात, तेही वेगवेगळ्या स्पेलिंगनी. ती सगळी रूपं मध्ये अधिकचं चिन्ह देऊन एकत्र मोजावी लागतात. ‘ॲपल’सारखा शब्द फळही असतो आणि कंपनीही; तिथे ‘सर्च टर्म’ (टाइप केलेला नेमका शब्द) याऐवजी सुचवलेला ‘टॉपिक’ (त्या अर्थाचा विषय) निवडा. टॉपिकमध्ये इतर भाषांतले शोधही येतात, त्यामुळे मराठी वाचकाचा नेमका शब्द शोधताना तो टाळा.

वेळेसाठी आधी पाच वर्षांचा काळ लावा. जगभरासाठी ‘डाएट’ हा इंग्रजी शब्द पाहिला तर जानेवारीतला उंचवटा वर्षानुवर्षं दिसतो. असा लेख डिसेंबरातच तयार हवा. जानेवारीच्या शेवटी आलेला लेख कितीही चांगला असो, वाचकाची गरज तोवर ओसरू लागलेली असते. एकच उंच सुळका आणि मग सपाट रेषा दिसली, तर ती बहुधा एखाद्या बातमीमुळे आलेली लाट. तिच्यावर वर्षभराचं लेखन बेतू नये.

‘रिलेटेड क्वेरीज’ म्हणजे संबंधित शोधांमध्ये ‘टॉप’ (सर्वाधिक शोधलेले) यापेक्षा ‘रायझिंग’ (वेगाने वाढणारे) ही यादी आधी उघडा. वाचकाचे नवे प्रश्न तिथे सापडतात. तिथला ‘ब्रेकआउट’ हा शिक्का म्हणजे आधीच्या काळाच्या तुलनेत ५००० टक्क्यांहून जास्त वाढ. पण मूळ शोध नगण्य असतील तर थोड्याशा शोधांनीही हा शिक्का बसतो. कमी शोधल्या जाणाऱ्या शब्दांचे आकडे नमुन्यावर बेतलेले असल्यामुळे हलतातही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून तोच कल दिसला तरच धरा.

वेबऐवजी यूट्यूबवरचे शोध दाखवणारा ‘यूट्यूब सर्च’चा पर्याय अनेक लेखक उघडतच नाहीत, आणि ते खरंच नुकसानीचं आहे. तिथल्या यादीत ‘कसं करायचं’ प्रकारचे शोध भरपूर दिसले, तर वाचकाला कृती डोळ्यांनी पाहायची आहे. लेखात पायऱ्या आणि चित्रं द्या. मात्र वेब आणि यूट्यूबच्या आकड्यांची थेट तुलना करू नका.

शोधामागचं कारण ट्रेंड्स सांगत नाही. ‘पाठदुखी’ शोधणाऱ्याला व्यायाम हवा आहे की डॉक्टरकडे कधी जावं हे कळायला हवं आहे, ते रेषेवरून कळणार नाही. त्यासाठी गूगलच्या शोधपेटीत तोच शब्द अर्धवट टाइप करून खाली येणाऱ्या सूचना वाचा, पहिल्या पानावरचे लेख कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतात ते पाहा, आणि जो प्रश्न सगळ्यांनी अर्धवट सोडला आहे तो आपल्या लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात घ्या.