दिवसाच्या लाइटच्या तीन वाटा: मराठवाड्यातल्या शेतकऱ्यानं कोणती धरावी?

गहू-हरभऱ्याच्या पाण्याचे दिवस आले की आपल्याकडे पारावरचं बोलणं हमखास एका गोष्टीवर येतं: या आठवड्यात आपल्या फिडरला (विजेच्या उपकेंद्रातून मोटारींकडे येणाऱ्या वाहिनीला) लाइट दिवसा की रात्री? दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास, ही पाळी वर्षानुवर्षं चालत आली. रात्रीची पाळी आली की थंडीत, चिखलात, सापा-विंचवाच्या वाटेवर हातात बॅटरी घेऊन दारं धरायची. घरातलं माणूस परत येईपर्यंत बाकीच्यांना झोप नसते. स्वच्छ ऊर्जेबद्दल मोठमोठ्या सभांमध्ये जे बोललं जातं, त्याचा आपल्यापुरता पहिला अर्थ एवढाच आहे की पाणी दिवसा देता आलं पाहिजे.

ते साधायला आज तीन वाटा आहेत. आहे ती वीजजोडणी ठेवून फिडर सौर होण्याची वाट पाहणं, स्वतःचा सौर पंप घेणं, किंवा जमीन सौर प्रकल्पाला भाड्यानं देणं. तिन्हींवर सरकारचा पैसा आहे आणि तिन्हींची जाहिरात सारखीच गोड आहे. मात्र तिन्हींचा फायदा वेगवेगळ्या माणसाला होतो, आणि तोटाही.

कोळशाला चिकटून राहणं मराठवाड्याला परवडणारं नाही, याचा पुरावा परळीत आहे. 2013 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं. ज्या भागात माणसाला पाणी रेल्वेनं आणावं लागलं (2016 चं लातूर कुणी विसरलेलं नाही), तिथं वाफेवरची वीज किती दिवस टिकणार? उजेडाला इथं तोटा नाही. तेव्हा बदल हवाच. तो कोणाच्या खांद्यावरून जातो, हे बघायचं आहे.

जोडणी आहे ती ठेवायची?

ज्याच्या विहिरीवर आज वीजजोडणी आहे, त्याला माझं सांगणं सरळ आहे: ती ठेवा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल 2024 ते मार्च 2029 पर्यंत बिल माफ आहे. शिवाय मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये उपकेंद्राच्या जवळ सौर प्रकल्प उभा करून ती वीज थेट शेतीच्या फिडरला द्यायची, असं काम चालू आहे. 2023 मध्ये ही योजना नव्यानं आली आणि तिचं उद्दिष्ट पुढे 16,000 मेगावॉटपर्यंत वाढलं. ऑक्टोबर 2024 मध्ये ज्या पाच प्रकल्पांचं लोकार्पण झालं, त्यांतले दोन आपल्याकडचे: वैजापूर तालुक्यातलं धोंदलगाव 3 मेगावॉटचं आणि नांदेड जिल्ह्यातलं बामणी 5 मेगावॉटचं. असा प्रकल्प तुमच्या उपकेंद्राला जोडला गेला, की तुम्ही एक रुपया न घालता दिवसाच्या पाळीत येता. ढग आले तर ग्रिडची वीज पाठीशी असते. पॅनल पुसायचे नाहीत, चोरीची धास्ती नाही.

या वाटेत मला सगळ्यात मोठी गोष्ट दिसते ती अशी, की दोन एकरवाला आणि वीस एकरवाला एकाच तारेवर राहतात. सरकारलाही ही वीज युनिटला साधारण तीन रुपयांनी पडते, जी शेतीपंपापर्यंत पोचवायच्या जुन्या खर्चाच्या मानानं खूप स्वस्त आहे.

पण सौर फिडर तुमची डीपी (मोटारींना वीज देणारं रोहित्र) नवी करून देत नाही, हे नीट लक्षात घ्या. आपल्याकडची गत सगळ्यांना ठाऊक आहे. तेवीस-चोवीस मोटारींच्या जागी चाळीस मोटारी, त्यात काही आकड्यावरच्या, म्हणजे चोरून जोडलेल्या. ऐन रब्बीत डीपी जळते. मग वर्गणी काढा, ट्रॅक्टर करा, जळलेलं रोहित्र तालुक्याला न्या, दुसरं मिळेपर्यंत रोज चकरा मारा, आणि तोवर हरभऱ्याची फुलं गळतात. आजवर अर्ध्या फिडरवरच्या मोटारी दिवसा आणि अर्ध्यांवरच्या रात्री चालायच्या. सगळे फिडर दिवसा आले की सगळ्या मोटारी सकाळी नऊला एकदमच सुरू होतील. ऑटो स्विच लावलेला असला तर लाइट आल्या क्षणीच. व्होल्टेज पडणार, मोटारी जळणार. म्हणून फिडर सौर होतोय असं कळलं की गावानं त्याच वेळी जादा डीपीची मागणी लेखी लावून धरावी आणि आपापसात पाळ्या ठरवाव्यात. हे जिथं होणार नाही, तिथं दिवसाची लाइट कागदावरच राहील.

स्वतःचा सौर पंप

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत पंपाच्या किमतीचा दहावा हिस्सा शेतकऱ्याचा, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा विसावा हिस्सा. उरलेला पैसा केंद्र आणि राज्य भरतं. अडीच एकरापर्यंत 3 अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत 5, त्यापुढे साडेसात. पाच वर्षांची दुरुस्ती हमी आणि विमा त्यातच येतो. ज्याच्या नावावर आधीच वीजजोडणी आहे, त्याला ही योजना नाही. त्यामुळे ही वाट मुळात त्यांची, ज्यांच्या शेतापर्यंत खांबच आलेला नाही किंवा ज्यांनी पैसे भरून वर्षं झाली तरी जोडणी मिळालेली नाही. अशांनी थांबू नये. त्यांच्यासाठी दुसरी कुठलीच वाट इतक्या लवकर पाणी देणार नाही.

फक्त अर्ज भरण्याआधी आपल्या पाण्याची खोली मोजा. सौर पंप 30, 50, 70, 100 मीटर अशा ठरावीक उंचीवर (म्हणजे हेडवर) पाणी फेकण्यासाठी बनवलेले असतात. 3 अश्वशक्तीचा पंप साधारण 70 मीटरपर्यंतचा, मोठे 100 मीटरपर्यंतचे. 100 मीटर म्हणजे सव्वातीनशे फूट. आता तुमचा बोअर आठवा. लातूर, बीड, धाराशिवकडे काळ्या पाषाणात पाचशे-सातशे फूट खाली गेलेले बोअर जागोजागी आहेत. मोटार इतक्या खाली सोडलेली असेल आणि उन्हाळ्यात पाणी तळाला जात असेल, तर हा पंप एप्रिलमध्ये नुसता गुरगुरेल. तेवढ्याच पॅनलवर 30 मीटरवरून जितकं पाणी येतं, त्याच्या निम्म्याहूनही कमी 70 मीटरवरून येतं. म्हणून ज्याच्याकडे विहीर आहे, शेततळं आहे, किंवा गोदावरी, मांजरा, पूर्णेच्या काठचं उथळ पाणी आहे, त्यानं डोळे मिटून घ्यावा. खोल बोअरवाल्यानं अर्जावर खोली खरी लिहावी आणि कोणत्या हेडचा पंप मिळणार हे बसवायच्या आधी विचारून घ्यावं. एकदा पाइप सोडले की बदलून कोणी देत नाही.

पावसाळ्यात ढगांमुळे पंप कमी चालतो, ही तक्रार मला फार मोठी वाटत नाही. आपल्याला ऑगस्टमध्ये पाणी लागतं ते पावसानं खंड दिला तर, आणि खंड पडला की ऊन असतंच. धूळ मात्र खरी अडचण आहे. फेब्रुवारीपासून पॅनलवर मातीचा थर बसतो. आठ-दहा दिवसांनी सकाळी, काच तापायच्या आधी, साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं पुसावं लागतं. गारपीट झाली किंवा केबल चोरीला गेली, तर त्याच दिवशी फोटो काढून तक्रार नोंदवा, चोरी असेल तर पोलिसांतही. उशीर झाला की विमा अडतो. पुरवठादार निवडायचा अधिकार तुमचा आहे. शेजारच्या चार गावांत फिरून विचारा, बिघाड झाल्यावर कोणाचा माणूस आला आणि किती दिवसांनी.

एक काळजी राहून राहून वाटते. रात्रीची लाइट वाईट होती, पण तिच्या कटकटीमुळे उपसा आपोआप आवरलेला होता. सौर पंप सकाळी नऊपासून ऊन उतरेपर्यंत फुकट चालतो, बंद करायला कारणच उरत नाही. त्या जोरावर कोणी उसाखालचं रान वाढवलं, तर शेजारच्या उथळ विहिरी आधी कोरड्या पडतील, आणि त्या बहुतेक लहान शेतकऱ्यांच्या असतात. पंपासोबत ठिबक घ्याच.

जमीन भाड्यानं

आकडा आकर्षक आहे. सौर कृषी वाहिनी योजनेतल्या प्रकल्पाला जमीन दिली तर हेक्टरला वर्षाला 1,25,000 रुपये, म्हणजे एकरी 50,000. सरकारी मूल्यदराच्या 6 टक्के रक्कम त्याहून जास्त निघाली, तर ती. कोरडवाहू सोयाबीनशी तोलून बघा. एकरी सात क्विंटल झालं आणि 2024-25 चा 4,892 रुपयांचा हमीभाव पुरा मिळाला, तरी हातात चौतीस हजार, त्यातून बियाणं, खत, फवारणी, काढणी वजा. आणि बाजारात तो भाव मिळाला नाही, हे आपण सगळ्यांनी बघितलं.

पण पंचवीस वर्षांचा हिशेब वेगळा निघतो. भाडं दरवर्षी मूळ रकमेवर 3 टक्क्यांनी वाढतं, चक्रवाढीनं नाही. एकरी 50,000 पंचविसाव्या वर्षी 86,000 होतात. महागाई वर्षाला 5 टक्के धरली, तर आज 50,000 ला येणाऱ्या वस्तूंना तेव्हा एक लाख साठ हजार लागतील. म्हणजे तुमच्या नातवाच्या हातात आजच्या सत्तावीस हजारांची किंमत पडेल, आणि जमीन तर अडकलेलीच. माळरान, खडकाळ, मुरमाड जमीन असेल तर तरीही सौदा चांगला आहे. जालन्याकडची मोसंबीची बाग किंवा ओलिताचं काळं रान कोणी देत असेल, तर त्याला हात जोडून थांबवीन. सातबारा सामाईक असेल तर बहिणींसह सगळ्यांची संमती आधी, सही नंतर. मुदत संपल्यावर पाया, खांब, काँक्रीट कोण काढणार, हे करारात नसेल तर सही करू नका. एक मेगावॉटला चार-पाच एकर लागतात, म्हणून दोन एकरवाल्याला ही वाट एकट्यानं खुली नाही.

आणि त्या जमिनीवर जो बटईनं करत होता, ज्या बाया खुरपायला, वेचणीला येत होत्या, त्यांचं काय? भाडं मालकाच्या खात्यात जातं. गवत काढायला आणि काच पुसायला मोजकीच माणसं लागतात. निदान ती कामं आधीच्याच लोकांना मिळावीत, एवढी अट मालक घालू शकतो.

गायरानाचा प्रश्न

खाजगी जमिनीपेक्षा सरकारी जमीन मिळवणं सोपं, म्हणून या योजनेत गायरानावर नजर आहे. मराठवाड्यात गायरान म्हणजे मोकळं कुरण क्वचितच असतं. दलित, आदिवासी, भटक्या कुटुंबांनी ते दोन-तीन पिढ्या कसलंय, त्यासाठी मार खाल्लाय, मोर्चे काढलेत. 1 एप्रिल 1978 ते 14 एप्रिल 1990 या काळातली मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय 28 नोव्हेंबर 1991 ला निघाला. तरीही कसणाऱ्या कित्येकांच्या हातात आजही सातबारा नाही. कागदावर ती जमीन रिकामी दिसते, आणि मोजणीवाला येतो तेव्हा तिथं तूर उभी असते.

बागायतदाराच्या मोटारीला दिवसा लाइट मिळावी म्हणून भूमिहीनाची तूर काढून टाकायची, हे मला मान्य नाही. वीज स्वच्छ असली तरी नाही. तुमच्या गावात असा ठराव येणार असेल, तर ग्रामसभेला जा आणि जमीन देण्याआधी तीन गोष्टी मागा: तिथं प्रत्यक्ष कोण कसतंय याचा पंचनामा, त्यांच्या दाव्यांचा निकाल, आणि शेळ्या-मेंढ्यांना वाट व चराई कुठं राहणार त्याचा नकाशा. खरोखर पडीक तुकडा असेल तर जरूर द्या. प्रकल्प झाल्यावर ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी 5 लाख रुपये मिळतात. ते प्रवेशद्वाराच्या कमानीवर जायला नकोत. ज्यांची चराई गेली त्यांच्या चाऱ्यासाठी आणि वस्तीवरच्या दिव्यांसाठी ते आधी खर्च होतील, हे त्याच ठरावात लिहून घ्या, आणि सही करण्याआधी ठराव मोठ्यानं वाचायला लावा.