फोंड्यातील चार रविवारांचा अभ्यासवर्ग : राष्ट्रप्रमुखाला फौजदारी कायदा लागू होतो का?

गोव्यात फोंड्यातील एका वाचनालयाने यंदा पावसाळ्यात चार रविवारांचा एक अभ्यासवर्ग चालवला. विषय होता सर्वोच्च पदावरील व्यक्तीला मिळणारे कायदेशीर संरक्षण आणि त्याचा गैरवापर. शुल्क 500 रुपये, वेळ सकाळी दहा ते साडेबारा, आणि शिकवायला एक निवृत्त वकील. मी म्हार्दोळहून चारही रविवार गेले. या विषयावर मराठीतून, निकालपत्रे समोर ठेवून कोणी शिकवत असल्याचे मी आजवर पाहिले नव्हते, म्हणून पुढच्या वर्गाला नाव घालावे की नाही याचा विचार करणाऱ्यांसाठी सविस्तर लिहीत आहे.

पहिला रविवार पूर्णपणे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1 जुलै 2024 च्या निकालाला दिला होता. 2020 ची निवडणूक हरल्यानंतर निकाल उलटवण्याचा प्रयत्न केल्याच्या आरोपावरून डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर खटला भरला गेला होता, आणि अध्यक्षपदावर असताना केलेल्या कृत्यांसाठी माजी अध्यक्षावर फौजदारी खटला चालवता येतो का, हा प्रश्न होता. सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी उत्तर दिले ते तीन पायऱ्यांचे : राज्यघटनेने केवळ अध्यक्षालाच दिलेल्या अधिकारांच्या वापराला संपूर्ण संरक्षण, इतर अधिकृत कृत्यांना निदान गृहीत धरलेले संरक्षण, आणि खाजगी कृत्यांना कोणतेही संरक्षण नाही. ऐकायला हे समतोल वाटते, आणि वर्गातील बहुतेकांना पहिल्या अर्ध्या तासात तसेच वाटले.

मग सरांनी चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एकेक कृत्य लिहिलेले होते आणि ते अधिकृत की खाजगी हे आपण ठरवायचे होते. माझ्या शेजारी बसलेल्या काकांना, ज्यांची सारी नोकरी मामलेदार कचेरीत गेली, ‘पैसे घेऊन गुन्हेगाराला माफी देणे’ ही चिठ्ठी आली. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता ती खाजगीच्या बाजूला ठेवली. सरांनी विचारले, माफी देण्याचा अधिकार कोणाचा? अध्यक्षाचा. मग तो कोणत्या हेतूने वापरला हे न्यायालयाने विचारायचे का? निकाल सांगतो की अधिकृत आणि खाजगी यांतील रेषा आखताना अध्यक्षाच्या हेतूची चौकशी करता येणार नाही. शिवाय ज्या कृत्यांना संरक्षण आहे, त्यांच्याविषयीची साक्ष किंवा सल्लागारांशी झालेला पत्रव्यवहार दुसऱ्या आरोपाचा पुरावा म्हणूनही ज्युरीपुढे आणण्यावर बंधन आहे. बहुमतातल्याच न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांना हा पुराव्याचा भाग मान्य झाला नाही, आणि त्यांनी लाचेचेच उदाहरण घेऊन आपला मतभेद नोंदवला. काकांनी चिठ्ठी उचलली, पुन्हा वाचली आणि दोन्ही ढिगांच्या मधोमध ठेवून दिली. निकालपत्राची पाने वाचूनही जे माझ्या नीट ध्यानात आले नसते, ते त्या मधोमध ठेवलेल्या चिठ्ठीने आले. लाच हा गुन्हाच मुळात हेतूचा आहे, आणि हेतूकडे बघायचे नाही असे ठरले की गुन्हा आणि राज्यकारभार यांत फरक करायचे साधनच हातातून जाते.

न्यायमूर्ती सोनिया सोतोमायोर यांच्या विरोधी मताचे वाचनही त्याच दिवशी झाले. राजकीय प्रतिस्पर्ध्याला मारण्याचा आदेश नौदलाच्या कमांडो पथकाला दिला तरी संरक्षण, सत्ता टिकवण्यासाठी लष्करी उठाव घडवला तरी संरक्षण, असे त्यांनी लिहिले आहे. बहुमताने ही भीती अतिरंजित ठरवली आणि प्रत्येक नवा अध्यक्ष जुन्याला तुरुंगात टाकू लागला तर कोणीच निर्भयपणे निर्णय घेऊ शकणार नाही, असा युक्तिवाद केला. सरांनी ही बाजू कोठेही कमकुवत करून मांडली नाही, हे आवर्जून नोंदवते. सूडाचे खटले ही खरी भीती आहे. पण आपल्या भाषेत ज्याला ‘सात खून माफ’ म्हणतात, ते त्या भीतीवरचे औषध होऊ शकते, हे मला पटलेले नाही.

दुसऱ्या रविवारी महाभियोग, म्हणजे सर्वोच्च पदावरील व्यक्तीवर संसदेत चालणारी कारवाई. 13 फेब्रुवारी 2021 रोजी सिनेटमध्ये 57 जणांनी ट्रम्प यांना दोषी आणि 43 जणांनी निर्दोष ठरवले. दोषसिद्धीसाठी दोनतृतीयांश मते लागतात, म्हणून ते सुटले. त्या वेळी निर्दोष मत देणाऱ्यांपैकी काहींचे म्हणणे होते की पद सोडलेल्या माणसाचा निवाडा सिनेटचे काम नाही, त्याच्यासाठी न्यायालये आहेत. पुढे न्यायालयात ट्रम्प यांच्या वकिलांनी सांगितले की आधी महाभियोगात दोषी ठरल्याशिवाय खटलाच चालवता येत नाही. एका दाराने दुसऱ्याकडे बोट दाखवायचे आणि दुसऱ्याने पहिल्याकडे! नोव्हेंबर 2024 मध्ये ट्रम्प पुन्हा निवडून आल्यावर, विद्यमान अध्यक्षावर खटला चालवायचा नाही या तेथील न्याय खात्याच्या जुन्या धोरणानुसार तो खटला मागे घेण्यात आला, आणि आरोप खरे की खोटे हे ज्युरीपुढे कधी आलेच नाही.

येथे एका विद्यार्थिनीने रामशास्त्री प्रभुण्यांचा विषय काढला. नारायणराव पेशव्यांचा 1773 मध्ये खून झाला, आणि रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरे प्रायश्चित्त नाही असे शास्त्रीबुवांनी तोंडावर सांगितल्याची कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. सर म्हणाले, कथा सांगताना आपण तेथेच थांबतो. निवाडा देणारा पुणे सोडून गेला आणि दोषी गादीवर राहिला, याचा विचार करीत नाही. पुढे बारभाईंनी एकत्र येऊन रघुनाथरावांना दूर केले तेव्हा कोठे त्या निवाड्याला हात-पाय फुटले. मला हे विवेचन फार मोलाचे वाटले.

तिसरा रविवार हा या वर्गाचा कळस होता. आपल्या राज्यघटनेचे कलम 361 राष्ट्रपती आणि राज्यपालांना पदावर असेपर्यंत फौजदारी कारवाईपासून संरक्षण देते. पद गेले की हे संरक्षण संपते. प्रत्यक्ष सत्ता ज्यांच्या हाती असते त्या पंतप्रधानांना आणि मुख्यमंत्र्यांना तर या कलमाचा आधारच नाही. ही रचना किती विचारपूर्वक केलेली आहे हे मला पहिल्यांदा उमगले : ज्याच्या नावाने कारभार चालतो त्याला ढाल आहे, जो कारभार चालवतो त्याला नाही.

आणि मग सरांनी ती ढाल दुसऱ्याच्या हाती देण्याचा प्रयत्न कसा झाला ते सांगितले. 12 जून 1975 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधी यांची निवडणूक रद्द ठरवली आणि 25 जूनला आणीबाणी आली, हे सर्वांना माहीत असते. सर्वोच्च न्यायालयातील सुनावणी 11 ऑगस्टला असताना, पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढणारी 39 वी घटनादुरुस्ती 10 ऑगस्टला अमलात आली, हेही काहींना माहीत असते. पण त्याच महिन्यात राज्यसभेने आणखी एक विधेयक मंजूर केले होते, ते मला माहीत नव्हते. राष्ट्रपती, राज्यपाल आणि पंतप्रधान यांच्यावर, पदावर येण्यापूर्वी किंवा पदावर असताना केलेल्या कोणत्याही कृत्यासाठी आयुष्यभर फौजदारी कारवाई करता येऊ नये, अशी त्यात तरतूद होती. विरोधी नेते तुरुंगात, वृत्तपत्रांवर सेन्सॉर, आणि सभागृहात हे विधेयक संमत! पुढे ते लोकसभेपुढे आणले गेले नाही, म्हणून कायदा झाला नाही. 39 व्या दुरुस्तीतील तो भागही सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 1975 रोजी रद्द केला. कुंपणच शेत खाऊ लागले तर काय, हा प्रश्न आपल्याकडे इतका जवळ येऊन गेला आहे, आणि शाळा-महाविद्यालयांत मला तो कोणी सांगितला नाही याची खंत वाटते.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत एका वृद्ध गृहस्थांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक जुनी लग्नपत्रिका काढून दाखवली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीतली, कडा पिवळ्या पडलेली, वर गणपती, खाली कुलदेवतेचे नाव, आणि एका कोपऱ्यात सेन्सॉरने तपासल्याची पोर्तुगीज ओळ. त्या काळात गोव्यात लग्नाचे आमंत्रण छापायलाही परवानगी लागत असे. ती पत्रिका हातोहात फिरली तेव्हा खोलीत कोणी बोलत नव्हते.

चौथ्या रविवाराबद्दल मात्र माझी तक्रार आहे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष यून सुक येओल यांनी 3 डिसेंबर 2024 च्या रात्री लष्करी कायदा जाहीर केला आणि 4 एप्रिल 2025 रोजी तेथील घटना न्यायालयाने त्यांना पदावरून दूर केले, शिवाय तेथे अध्यक्षाला फौजदारी खटल्यापासून संरक्षण असले तरी बंडखोरी आणि देशद्रोह हे गुन्हे त्यातून वगळलेले आहेत, हे सारे वीस मिनिटांत उरकले गेले. फ्रान्स तर पाच मिनिटांत. आणि गोव्याचे नावच आले नाही. फेब्रुवारी 2005 मध्ये मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने विश्वासमत जिंकल्याचे विधानसभेत जाहीर झाल्यावर त्याच दिवशी राज्यपाल एस. सी. जमीर यांनी सरकार बडतर्फ केले होते. त्या मतदानाच्या वेळी सभापतींनी एका अपक्ष आमदाराला बाहेर काढल्यामुळे दोन्ही बाजूंना प्रश्न विचारण्यासारखे पुष्कळ होते. राज्यपालांना व्यक्तिशः संरक्षण असले तरी त्यांच्या निर्णयाची वैधता न्यायालय तपासू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये बिहार विधानसभेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. हे दोन धागे जोडले असते, तर समोर बसलेल्या आम्हा गोवेकरांना कलम 361 घरच्या अंगणात दिसले असते.

बाकी व्यवस्थेविषयी थोडक्यात : टिपणे स्वच्छ मराठीत आहेत, मात्र निकालपत्रांतील उतारे इंग्रजीतच दिले आहेत, त्यांचे भाषांतर जोडायला हवे. मागच्या रांगेत पंख्याच्या आवाजात ऐकू येत नाही, पुढे बसावे. चहा आणि बन्स-भाजी शुल्कात येते. चार रविवार सलग जाणे शक्य नसेल, तर पहिला आणि तिसरा चुकवू नये. एवढ्यासाठीही 500 रुपये कमीच आहेत.

पुढचा वर्ग चवथीनंतर आहे, असे शेवटच्या दिवशी सांगण्यात आले. अभिप्रायाच्या वहीत मी राज्यपालांवर पाचवा रविवार ठेवण्याची विनंती लिहिली. माझ्या वर कचेरीतल्या त्या काकांचा अभिप्राय होता. चिठ्ठ्यांचा खेळ पहिल्या दिवशी घेतला तसा शेवटच्या दिवशीही घ्यावा, त्यांना आपली चिठ्ठी पुन्हा एकदा ठेवून पाहायची होती.