कॅम्पर व्हॅनमधला २ किलोवॅटचा डिझेल हीटर: हिवाळाभर वापरल्यानंतर

गाडी फोर्स ट्रॅव्हलर, पत्र्याला आतून २५ मिलिमीटर नायट्राइल फोम, झोपायला दोघं. वापर बहुतेक स्पिती आणि लेहच्या बाजूला, साडेतीन हजार मीटरच्या वर, रात्री उणे १० ते उणे १५ अंशांत. हीटर १२ व्होल्टचा, चिनी बनावटीचा. वेबास्टो, एबरस्पेशर या जर्मन कंपन्यांचे हीटरही याच तत्त्वावर चालतात. बांधणी सरस, किंमत कितीतरी पट.

डिझेल का, हे थोडक्यात. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये ब्यूटेन बरंच असतं आणि शून्याच्या बरंच खाली त्याचा वायू जेमतेमच होतो. शिवाय उघड्या ज्योतीची शेगडी आतला ऑक्सिजन खाते आणि किलोभर गॅसमागे दीड लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने गाडीत सोडते. विजेचा १००० वॅटचा ब्लोअर १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी तासाभरात रिकामी करतो. डिझेल हीटर जळण्यासाठी हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो; आतली हवा नुसती तापून फिरते.

आता आकार. ‘५ किलोवॅटचाच घ्या’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो बहुतेकदा चुकीचा असतो. साधारण ३० चौरस मीटर पृष्ठभाग, वरच्यासारखं इन्सुलेशन, आत-बाहेर ३० अंशांचा फरक धरला तर पत्र्यातून सुमारे ११०० वॅट जातात. २ चौरस मीटर न झाकलेल्या काचांतून आणखी ३५० च्या आसपास. इन्सुलेशन नसेल तर तोच आकडा पाच हजारांकडे जातो. म्हणजे मोठा हीटर ही बऱ्याचदा फोम न लावण्याची किंमत असते. मोठा हीटर सतत मंद आचेवर राहतो आणि मंद आच म्हणजे काजळी. उंचीवर हवा विरळ असल्याने २ किलोवॅटचे दीडच्या खाली येतात, हे खरं. पण त्यावर काचांना आतून जाड पडदे लावणं हा स्वस्त उपाय आहे.

आवाजाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण हीटर शांत आहे की नाही हे बसवण्यावरच ठरतं. रात्री झोप मोडते ती इंधन पंपाच्या टिकटिकीने. पंप रबरी अस्तराच्या क्लॅम्पमध्ये, चासीच्या जाड भागावर घ्यावा. पातळ पत्र्यावर बसवला तर गाडीचा ढोल होतो. पंपाचं डिझेल बाहेर पडायचं तोंड ४५ अंश वर हवं, म्हणजे बुडबुडे पुढे निघून जातात. सोबत येणारी मऊ हिरवी नळी फेकून द्यावी. आतून २ मिलिमीटरची कडक नायलॉन नळी लावली की ज्योत स्थिर राहते आणि पंखा मध्येच घुरघुरत नाही. जोडांवर नायलॉनची टोकं रबरी नळीच्या आत एकमेकांना भिडलेली असावीत, फट ठेवली की तिथेच हवा साचते.

दुसरा आवाज जळण्यासाठी हवा खेचणाऱ्या नळीचा. लोक धुराला सायलेन्सर लावतात आणि ही नळी तशीच सोडतात. बारीक शिट्टीसारखा सूर तिथूनच येतो. तिलाही फेल्टचा सायलेन्सर हवा, तोंड धुराच्या नळीपासून लांब. धुराचा सायलेन्सर दोन भाग दाबून जोडलेला असतो आणि गळतो, म्हणून सांध्यांना एक्झॉस्ट पेस्ट लावावी. पाणी निघायचं छिद्र खाली, आणि नळीचं टोक गाडीच्या कडेबाहेर. तळाशी सोडलं तर धूर फटींतून आत येतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाशी हवाच. गरम हवेची ६० मिलिमीटर नळी आखूड आणि सरळ ठेवावी, वळणं वाढली की पंखा जोरात फिरतो.

वायर हा दुर्लक्षित भाग. सुरू होताना ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटवणारी तापणारी कांडी, साधारण १० अँपिअर घेतो. बॅटरी ५ मीटर लांब असेल तर अडीच चौरस मिलिमीटर वायरमध्ये पाऊण व्होल्ट जातो आणि थंडीत हीटर पेटतच नाही. ४ चौरस मिलिमीटर घ्या. नंतर एक-दोन अँपिअरवर भागतं. बंद करताना मेन स्विच कधीही पाडू नये. गार होण्याची ३ ते ५ मिनिटं पंख्याला वीज लागते.

डिझेलचा खर्च रात्रीच्या दहा तासांना साधारण सव्वा ते दीड लिटर. एका ठोक्याला ०.०२२ मिलिलिटर देणारा पंप १.६ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १.६ ठोक्यांवर, तासाला १२७ मिलिलिटर देतो. आपल्या पंपावरचं माप बघून हाच हिशोब करावा. लेहच्या उंचीवर ही फ्रिक्वेन्सी २५ ते ३५ टक्के उतरवावी लागते, किंवा मंद गतीला पंखा वाढवावा लागतो. बऱ्याच कंट्रोलरमध्ये हे बदलायचा मेनू १६८८ या पासवर्डने उघडतो. हवेच्या दाबाचा सेन्सर असलेल्या हीटरला हा खटाटोप लागत नाही. धूर काळा दिसला, तर डिझेल अजून जास्त आहे.

खालून भरून आणलेलं साधं डिझेल उणे तापमानात मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो. लडाखमध्ये इंडियन ऑइलचं २०१९ पासूनचं हिवाळी डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं. हीटरची टाकी वेगळी, १० लिटरची ठेवली तर तिच्यात फक्त हिवाळी डिझेल भरता येतं आणि गाडीच्या मूळ टाकीला हात लावावा लागत नाही.

दर वापराच्या शेवटी वीस-तीस मिनिटं पूर्ण आचेवर चालवलं की काजळी जळून जाते. तरी सुटे भाग सोबत असावेत: ग्लो प्लग, त्याभोवतीची जाळी, बर्नरचं गॅस्केट, इंधन फिल्टर. बिघाड आला की आधी जाळी काढून बघा. बहुतेकदा प्लग ठीक असतो आणि जाळीच बुजलेली असते.