तिकीट तीस रुपये किंवा एक नारळ

हर्णै बंदराकडे जाताना आमच्या फाट्यावर कौलारू वाचनालय लागतं. तिथे दर महिन्याला एक व्याख्यान असतं. माझा आणि वाचनालयाचा संबंध दिवाळी अंकापुरता. बाकी दिवस कोकमं, आगळ आणि आमसुलांत जातात. पण या खेपेला फलकावर लिहिलं होतं, 'प्रवेश तीस रुपये किंवा एक नारळ'. नारळ घरात पडलेलेच होते. गेले.

पाचचं व्याख्यान पावणेसहाला सुरू झालं. माइक खरखरत होता, तो शेवटी बंदच केला ते बरं झालं. नारळाचं कोडं पहिल्या दहा मिनिटांत सुटलं.

विषय होता एफ्रेम कटलर. हा 1795 साली बायकापोरांसह अमेरिकेतल्या ओहायोच्या जंगलाकडे निघाला आणि चारपैकी दोन मुलं त्यानं वाटेतच पुरली. पुढे एम्स नावाच्या वस्तीत राहिला. तिथल्या लोकांकडे रान होतं, शिकार होती, रोकड नव्हती. आणि वाचायला तर हवं! मग त्यांनी रॅकून मारून कातडी जमवली (रॅकून म्हणजे आपल्या कांडेचोराचा थोराड भाऊ समजा). सॅम्युअल ब्राउन नावाचा शेजारी ती बॉस्टनला घेऊन गेला आणि साडेत्र्याहत्तर डॉलरची 51 पुस्तकं घेऊन परतला. साल 1804. कटलर ग्रंथपाल झाला.

वक्ते निवृत्त मास्तर. त्यांनी एक काम फार छान केलं. टेबलावर वाचनालयातलीच 51 पुस्तकं मोजून रचली होती. एवढीशी! आमच्या फडताळाचा एक कप्पासुद्धा भरला नसता. थॉमस यूइंग या पोरानं दहा कातडी दिली होती, तेवढीच त्याची पुंजी. तो पुढे मिठाच्या कारखान्यात राबून ओहायो विद्यापीठात शिकला आणि 1841 साली देशाचा अर्थमंत्री झाला. माझ्या शेजारी बसलेले काका पेणकडचे, मिठागरात उमेदीची वर्षं घालवलेले. मिठाचं नाव निघाल्यावर ते जे सरळ होऊन बसले ते शेवटपर्यंत.

1802 साली चिलिकॉथीला ओहायोची घटना लिहायला माणसं जमली, त्यांत कटलर होता. ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामी नाही, हे 1787 च्या कायद्यानंच ठरलेलं. तरी एक पळवाट पुढे आली: पुरुषाला पस्तिशीपर्यंत आणि बाईला पंचविशीपर्यंत गुलाम ठेवता यावं. म्हणजे अंगात रग असेपर्यंत राबवा आणि मग सोडा. कटलर आजारी होता, तरी सभेत जाऊन त्याच्याविरुद्ध उभा राहिला. पळवाट बंद झाली. हे सांगताना मास्तरांचा आवाज चढला, मुलं खेळायची थांबली.

त्यानंतर 1825 चे कायदे आले. जमिनीच्या किमतीनुसार कर आणि करातून गावोगाव शाळा. दोन्हींमागे कटलरचा हात. महत्त्वाचं असेल, पण वीस मिनिटं? मागची रांग भज्यांकडे सरकली. मीही.

माझी तक्रार वेगळी आहे. माझ्या आजोबांचं नाव सातबाऱ्यावर कुळकायद्यानं लागलं. तोवर कसायचो आम्ही, कागदावर खोत. त्यामुळे मास्तर तिसऱ्यांदा 'मोकळी जमीन' म्हणाले तेव्हा मी हात वर केला: मोकळी कशी? आधी कुणाची होती? मास्तर माणूस सरळ. त्यांनी सांगितलं की शॉनी, डेलावेअर वगैरे तिथले मूळ लोक 1794 च्या लढाईत हरले आणि कटलर निघाला त्याच 1795 साली ग्रीनव्हिलच्या तहात त्यांना ओहायोचा मोठा भाग सोडावा लागला. सगळं माहीत होतं त्यांना! मग विचारल्यावर का? कराची दहा मिनिटं इकडे दिली असती तर मी पाचपैकी पाच दिले असते. आता चार. त्यातला अर्धा भज्यांचा.

जाणार असाल तर घरून पंखा न्या, आणि परतीच्या एसटीची वेळ आधी बघून ठेवा. नारळ सोललेला न्या. माझा सोडणासकट होता. दारावरचा पोरगा कोयती मागायला शेजारी गेला आणि तोवर माझ्या मागची रांग पायरीपर्यंत पोचली.